ताटाची डावी बाजू

विश्रामरावांच्या हृदयात दोन स्टेंट बसले ते फोडणीमुळे, ही गोष्ट नौपाड्यात आता सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. भाजीवाल्याला माहीत होती, इस्त्रीवाल्याला माहीत होती. कट्ट्यावर रोज संध्याकाळी जमणाऱ्या म्हाताऱ्यांनी तर ती इतक्यांदा ऐकली होती, की विश्रामराव श्वास घ्यायला थांबले असते तर पुढचं वाक्य त्यांच्यातल्या कुणीही म्हणून टाकलं असतं. "तेल हो, दुसरं काय. आमच्या हिचा हात सढळ. फोडणी म्हणजे अशी, की खालच्या मजल्यावरच्यांना ठसका." एवढं बोलून ते हसत आणि हसता हसता छातीवर हात ठेवत. ऐकणाऱ्याला मग जास्त काही सांगावं लागत नसे.

शुभदाने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती डॉक्टरांच्या खोलीत. अँजिओप्लास्टी होऊन विश्रामराव घरी आले होते आणि पहिल्या तपासणीला ती त्यांच्याबरोबर गेली होती. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड होता. त्याने विचारलं, "काका, जेवणात काय काय असतं?"

"ते खातं हिच्याकडे," विश्रामराव म्हणाले. "मी आपला पानावर बसतो. पुढ्यात येईल ते गिळतो. हिच्या फोडण्यांनीच घात केला असणार."

डॉक्टर हसला. महिन्याला तेल किती लागतं, म्हणून त्याने शुभदाला विचारलं. तिने सांगितलं. "दोन माणसांना हे काही जास्त नाही," असं तो म्हणालाही, पण तेव्हा विश्रामराव खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होते आणि त्यांना बहुधा ऐकू आलं नाही. मग डॉक्टरने विचारलं, "आणि बाहेरचं?"

"क्वचित," विश्रामराव म्हणाले.

क्वचित म्हणजे रोज. कंपनीत होते तेव्हा दुपारचा चहा कॅन्टीनच्या भज्यांशिवाय जात नसे, आणि निवृत्त झाल्यावर संध्याकाळचा फेरफटका संपायचा तो वडेवाल्याच्या गाडीपाशी. बरोबर दौलतराव आणि कट्ट्यावरची आणखी दोघं-तिघं. शर्टाच्या खिशाला लागलेला तेलाचा डाग काढायला शुभदा सोडा लावून ठेवायची. त्या दिवशी हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाला परक्यापुढे खोटं पाडू नये, असं तिला वाटलं. ती गप्प बसली. तिथेच चुकलं. खोट्याला पहिल्या दिवशी अडवलं नाही की ते पाहुण्यासारखं येतं आणि जावयासारखं राहतं.

सून क्षिप्राने तेव्हा दोघांच्याही रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. शुभदाचा रिपोर्ट बघून ती म्हणाली होती, "आई, तुमचं कोलेस्टेरॉल तर माझ्यापेक्षा चांगलंय." विश्रामराव वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "बायकांचं शरीरच वेगळं असतं." झालं. विषय संपला.

*

आणि मग विश्रामरावांना सॅलडचा साक्षात्कार झाला.

हे समजायला त्यांचं आधीचं जेवण माहीत हवं. शुभदा लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ताट वाढायची एक रीत होती. वरती मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, एखादं रायतं. उजवीकडे भाजी, आमटी. विश्रामरावांचा हात उजव्या बाजूला राबायचा. डावी बाजू म्हणजे त्यांच्या लेखी आरास. त्यांनी तिला नावंही ठेवली होती. काकडीची कोशिंबीर म्हणजे 'पाला', मुळ्याची म्हणजे 'शेळीचं खाणं', गाजराची म्हणजे 'डोळे गेलेत का माझे'. चाखून न बघता.

त्या डाव्या बाजूसाठी शुभदाने काय काय केलं होतं ते तिचं तिला ठाऊक. येऊरच्या डोंगरातून बायका सकाळी टोपल्या घेऊन उतरायच्या, पावसाळा सरता सरता त्यांच्याकडे कोवळ्या पांढुरक्या काकड्या असायच्या, पोटाशी किंचित पिवळ्या. शुभदा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. सकाळची पाळी असली की जाता जाता त्यांच्याशी घासाघीस करून काकड्या पिशवीत टाकायची, आणि दिवसभर तिच्या खुर्चीखाली त्या पिशवीला मातीचा ओला वास यायचा. शेजारच्या खुर्चीवरची माया म्हणायची, "शुभे, आज तुझ्या लाइनवर शेत लागलंय." घरी येऊन काकडी कोचवायची, दाण्याचं कूट जाडसर ठेवायचं, खोबरं, मिरची, लिंबू, चिमूटभर साखर आणि वर एवढीशी फोडणी. मोहरी फेसायला मात्र ती माहेरी, कल्याणच्या पारनाक्यावर शिकली होती. तिची आई दगडीत मोहरी घालून, पाण्याचा एकेक थेंब सोडत, बत्त्याने घोटत बसायची. वास नाकात चढून डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायची, "आता झाली. आता ही दह्याला उभी करील." तेलाचा थेंब नाही, मीठही फार लागत नाही, आणि काकडीपासून केळ्यापर्यंत जे समोर येईल ते खावंसं वाटतं. तेव्हा त्याला कुणी ड्रेसिंग म्हणत नसे, एवढंच.

आता म्हणत होते. विश्रामराव म्हणत होते. क्षिप्रा आणि मुलगा सौमित्र घोडबंदर रोडला राहत. तिथल्या मोठ्या दुकानात ते सुनेबरोबर गेले आणि बाटल्यांची पिशवी घेऊन आले. एकीवर 'फॅट फ्री' लिहिलं होतं. शुभदाने चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं.

"अहो, यात पाण्यानंतर साखरच आहे. मग मीठ. मग कसलंसं पीठ."

"पुढे काय लिहिलंय ते वाच. फॅट फ्री."

"गुळाची ढेपही फॅट फ्रीच असते."

"तुला नवीन काही पटत नाही, हा तुझा प्रॉब्लेम आहे." त्यांनी बाटली फ्रिजच्या दारात ठेवली.

आठवडाभरात त्यांनाच त्या बाटल्यांचा कंटाळा आला. मग ते स्वयंपाकघरात शिरले. मोबाइलवर बघून ऑलिव्ह तेल, सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध एका बरणीत घालून खळखळवायला लागले. गोड झालं म्हणून मीठ, खारट झालं म्हणून पुन्हा मध. शुभदाने टांगलेल्या दह्यात पुदिना वाटून दिला तो त्यांना आवडला. भाजलेले तीळ लिंबाच्या रसात वाटून दिले, तेही आवडले. फेसलेली मोहरी त्यांनी जन्मात पहिल्यांदा तोंडात घातली, नाक चोळलं आणि म्हणाले, "हे कुठून शिकलीस?"

शुभदा त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिने या घरात दर संक्रांतीला, दर चातुर्मासात, पाहुण्यारावळ्यांच्या प्रत्येक पंगतीला केलं होतं.

"पारनाक्यावर," ती म्हणाली.

"चांगलं आहे. यात तेल नाही, लक्षात आलं का तुझ्या?"

ती ओट्याकडे वळली. तिच्या हातात बत्ता होता, आणि तो तिने खाली ठेवला हेच पुष्कळ झालं.

फोडणी तर त्यांनी घरातून हद्दपारच केली. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, गाजर-पालेभाजीला थोडं तेल हवंच, नाहीतर त्यातलं अंगी लागत नाही. दोघांत मिळून चमचाभर फोडणीने काही बिघडत नाही. विश्रामराव ऐकायला तयार नव्हते. फोडणी घरात परत घेतली असती, तर तिच्यावरचा आरोपही मागे घ्यावा लागला असता.

*

ज्येष्ठ नागरिक संघाने विश्रामरावांना बोलावलं ते या सगळ्यानंतर. 'तेलाविना चव: आरोग्यदायी सॅलड ड्रेसिंग, प्रात्यक्षिकासह.' फलकावर त्यांचं नाव खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. प्रात्यक्षिकासह म्हणजे शुभदासह, पण ते फलकावर नव्हतं.

फलक लागला त्या दिवशी मायाचा फोन आला. माया आता मुलाजवळ, महेंद्रजवळ, आंबिवलीला राहायची. दोघी एकदमच टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींना फोन करायला विसरल्या नव्हत्या.

"मी येणार आहे गं ऐकायला," माया म्हणाली. "महेंद्र सोडतो म्हणालाय स्टेशनपर्यंत. भाऊजी बोलणार आणि तू काय करणार?"

"वाटणार. चिरणार. मागून वाट्या पुढे करणार."

"आणि फोडणीची ती गोष्ट?"

शुभदाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगणार ना ते? तिथे शंभर माणसं असतात, शुभे. त्यातल्या निम्म्या बायका तुला हळदीकुंकवाला भेटतात. उद्या तुझ्या घरची आमटी कुणी ओरपणार नाही. म्हणतील, हिने नवरा मारला असता."

"तो कसला मरतो. त्याच्या आधी मीच जाईन."

"असं कुढत बोलू नकोस. तोंड उघड. बाईने अख्ख्या ठाण्याचे फोन जोडून दिले, आणि घरातल्या घरात नुसती एंगेज टोन."

शुभदा हसली, पण फोन ठेवल्यावर तिला कळलं की ते हसू मनापासून आलं नव्हतं. राग तिला आधीही येत असे. भांडं आपटण्याइतका, आणि ते घासेपर्यंत मावळणारा. हा तसा नव्हता. हा सकाळी तिच्या आधी उठत होता. तिने जन्मभर नोकरी करून या माणसाला दोन वेळा गरम जेवू घातलं होतं. त्यातलं चांगलं होतं ते याने चाखलं नाही, बाहेरचं खाऊन दुखणं ओढवलं, आणि शेवटी पानावर वाढणाऱ्या हातावरच बोट ठेवलं. तिच्या मागे तिच्याबद्दल काय उरणार होतं? एक सढळ हात आणि दोन स्टेंट.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ती चक्क्यासाठी दही टांगत होती आणि विश्रामराव जेवणाच्या टेबलाशी भाषणाची उजळणी करत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"एक सांगायचंय. उद्या ती फोडणीची गोष्ट सांगू नका."

"कुठली?"

"तुम्हाला माहीत आहे कुठली. ती खरी नाही. डॉक्टर काय म्हणाले होते ते तुम्ही ऐकलंत किंवा नाही ऐकलंत, मला माहीत नाही. माझ्या तेलाने तुम्हाला काही झालेलं नाही."

विश्रामरावांनी चष्मा काढला. "अगं, किती मनाला लावून घेतेस. लोकांना एखादं घरचं उदाहरण लागतं. हसतात, मोकळे होतात. तुला कोण नावं ठेवतंय?"

"तुम्ही."

"गंमत आहे गं ती."

"मला येत नाही ती गंमत. मी तुमच्यासाठी उद्या चार प्रकार करते आहे. त्याच्या बदल्यात एवढं एक वाक्य गाळा."

"बघू," ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा लावला. त्यांच्या 'बघू'चा अर्थ शुभदाला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळला होता.

*

संघाच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि खुर्च्या भरल्या होत्या. व्यासपीठावर टेबल, टेबलावर पांढरा कपडा, त्यावर शुभदाने मांडलेले वाडगे: पुदिना घातलेला चक्का, तिळाचं, फेसलेल्या मोहरीचं, भाजलेलं जिरं घातलेलं भिजवलेल्या आमसुलाचं, आणि विश्रामरावांची खळखळवलेली बरणी. मधोमध मोठ्या परातीत कोचवलेली काकडी. शुभदा बाजूला एका स्टुलावर बसली. पहिल्या रांगेत क्षिप्रा मोबाइल उभा धरून व्हिडिओ काढत होती. तिच्या मागे माया, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिसऱ्या रांगेत दौलतराव आणि कट्ट्यावरचे बाकीचे.

अध्यक्षांनी ओळख करून दिली. विश्रामराव उभे राहिले, माइकवर टकटक केली आणि बोलायला सुरुवात करण्याआधीच, हात रिकामा राहू नये म्हणून की काय, मिठाची वाटी उचलून दोन चमचे मीठ परातीतल्या काकडीवर पसरलं.

शुभदाने ते बघितलं. पहिल्या चार रांगांतल्या बायकांनीही बघितलं. कोशिंबिरीला मीठ पान वाढता वाढता घालायचं, हे मराठी घरातल्या पोरीला भातुकलीत कळतं. आधी घातलं की काकडी रडते. एका बाईने शेजारणीला कोपर मारलं. शुभदा उठून सांगू शकली असती. ती उठली नाही. मुद्दाम बसून राहिली असंही नाही. त्या क्षणी ती फक्त एकाच गोष्टीकडे कान लावून होती: ते वाक्य येतं की नाही.

विश्रामराव चांगलं बोलत होते, हे तिने मनात कबूल केलं. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा, म्हणाले. 'फॅट फ्री' लिहिलेलं असलं तरी साखर बघा, म्हणाले. गुळाची ढेपही फॅट फ्री असते, असंही म्हणाले, आणि हॉल हसला. मायाने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. मग दही टांगून त्याचं पाणी फेकू नका, त्यानेच चक्का सैल करा. तिळाला आधी कोरडं भाजा. मिठाऐवजी आंबट वापरा, लिंबू, आमसूल, कैरी, म्हणजे मीठ कमी लागतं. सगळं बरोबर. सगळं तिचं.

आणि मग त्यांनी छातीवर हात ठेवला.

"हे सगळं मला उशिरा कळलं, मंडळी. का? तर घरात फोडणी. आमची ही, हात सढळ..."

पुढचं शुभदाला ऐकू आलं नाही, कारण तिच्या कानात काहीतरी वाजत होतं. हॉल हसला हे मात्र दिसलं. काही बायका हसता हसता तिच्याकडे बघत होत्या, जसं लहान मुलाकडे बघतात, प्रेमाने आणि थोडी कीव करून.

"चला, आता प्रात्यक्षिक," विश्रामराव म्हणाले आणि परातीत डाव घातला.

परातीत तळं झालं होतं. काकडी बुडाली होती. त्यांनी त्यावर तिळाचं वाटण ओतलं, ते पाण्यात फुटलं आणि कडेकडेला तरंगायला लागलं. त्यांनी डाव वर उचलला, पाणी टेबलावरच्या कपड्यावर गळलं. मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाली, "मीठ आधी घातलं ना." विश्रामरावांच्या ते कानावर गेलं. त्यांचा चेहरा लाल झाला. आणि ते माइकमध्ये म्हणाले, "काकडीच पाणचट आणलीये हिने."

शुभदा उठली.

ती टेबलापाशी गेली. घाई केली नाही. विश्रामरावांना वाटलं ती परात न्यायला आली आहे, म्हणून ते बाजूला झाले, आणि त्यामुळे माइक तिच्यासमोर आला.

"काकडी चांगली आहे," ती म्हणाली. आवाज स्पीकरमधून एवढा मोठा येईल, याची तिला कल्पना नव्हती. "मीठ आधी घातलं म्हणून पाणी सुटलं. मीठ मी घातलेलं नाही. यांनी घातलं. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

"शुभदा," विश्रामराव हसत म्हणाले, "बस, मी सांगतो."

"नाही. तुम्ही सांगितलंत. आता माझं ऐका." ती त्यांच्याकडे वळली नाही, समोर बघत राहिली. "आणखी एक गोष्ट यांनी तुम्हाला सांगितली आहे. माझ्या फोडणीने यांच्या हृदयाला त्रास झाला. मी या घरात आले तेव्हा आमच्याकडे नव्या सुनेने नवऱ्याच्या ताटात जेवायची पद्धत होती. त्यांचं झालं की त्याच ताटात मी जेवायची. सासूबाई होत्या तोवर तसंच चाललं, आणि सासूबाई खूप वर्षं होत्या. ते ताट माझ्यापुढे यायचं तेव्हा उजवी बाजू चाटूनपुसून साफ असायची आणि डावी बाजू जशीच्या तशी. कोशिंबीर, चटणी, रायतं, कशाला बोटही लागलेलं नसायचं. सासूबाई म्हणायच्या, अन्न टाकायचं नाही. मी यांच्या वाटची डावी बाजूही खायची आणि माझी पण. यांनी टाकलेली प्रत्येक कोशिंबीर माझ्या पोटात गेली आहे, फोडणीसकट. एकच ताट, एकच तेल, एकच हात. माझं हृदय ठणठणीत आहे. माझ्या सुनेला विचारा, ती इथे बसली आहे."

क्षिप्राने मोबाइल खाली केला.

"घरी बोलू," विश्रामराव हलक्या आवाजात म्हणाले.

"घरी मी काल बोलले. एक वाक्य गाळा म्हणाले. तुम्ही बघू म्हणालात." मग ती त्यांच्याकडे वळली. "इथे बोललात ना, मग इथेच परत घ्या. काय खाल्लंत ते सांगा. तेवढं सांगा, मी जागेवर जाऊन बसते."

"अगं, लोक..."

"लोकांनाच सांगताय इतके दिवस."

विश्रामराव तिसऱ्या रांगेकडे बघायला लागले. दौलतरावांची मान खाली होती. त्यांच्या शेजारचे चष्मा पुसत होते. मग दौलतरावांनी खुर्चीचा हात धरून अर्धवट उठल्यासारखं केलं आणि म्हणाले, "विश्राम, सांगून टाक बाबा. वडे आपण खात होतो."

कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. अध्यक्ष उठू की नको अशा बेतात उभे राहिले आणि शुभदाने त्यांच्याकडे बघताच पुन्हा बसले.

विश्रामरावांनी रुमालाने कपाळ टिपलं. जमिनीकडे बघत ते काहीतरी पुटपुटले.

"माइकमध्ये," शुभदा म्हणाली.

तिने माइकची मान वळवून त्यांच्या तोंडासमोर केली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, तिच्यापेक्षा कमी नव्हता. पण तिची नजर ढळेना, हे त्यांना दिसलं.

"फोडणीमुळे नाही झालं," ते म्हणाले. घसा खाकरला. "रोज वडा खात होतो. कंपनीत असताना भजी. ही घरात जे करायची ते... मी खाल्लं नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवली असती तर शुभदाला ती सोसवली नसती. तिने मान हलवली, जशी एक्स्चेंजमध्ये कॉल लागल्याची खूण म्हणून हलवायची, आणि स्टुलाकडे गेली. पण बसली नाही. स्टुलाखालची पर्स उचलली.

"आई," क्षिप्रा पुढे आली, "पाणी देऊ?"

"नको. मी मायाबरोबर जाते आहे."

"आणि हे सगळं?" विश्रामरावांनी टेबलाकडे हात केला. वाडगे, बरणी, मिठाची वाटी, डाव, कपड्यावरचा ओला डाग, आणि परातीत बुडालेली काकडी.

"घरी आणा," शुभदा म्हणाली. "वाडगे काचेचे आहेत, रिक्षात मांडीवर धरा. आणि परात धुऊन आणा, तशीच नका आणू."

माया दाराशी थांबली होती. दोघी जिना उतरून रस्त्यावर आल्या. दुपार कलती होती, गोखले रोडवर दुकानं उघडत होती, आणि एक रिक्षावाला त्यांना बघून आपणहून थांबला. स्टेशन, असं मायाने सांगितलं. आंबिवलीला चल, महेंद्र घ्यायला येईल, रात्री राहा, असा तिचा बेत तिने जिन्यातच सांगून टाकला होता आणि शुभदाने नाही म्हटलं नव्हतं.

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मायाने विचारलं, "उतरला का राग?"

"नाही."

"मग आता?"

शुभदाने पदर सारखा केला.

"आता काय," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी रागाला बसायलाही सांगितलं नाही. राहू दे त्याला थोडे दिवस."